बाथरूमची जमीन दबायला लागली

सुरुवात नवऱ्याच्या पायापासून झाली. रात्री उठला आणि सकाळी म्हणाला, टॉयलेटच्या डाव्या बाजूला काहीतरी दबतंय गं. मी म्हटलं तुझं वजन वाढलंय. दोन आठवड्यांनी माझाही पाय तिथेच पडला आणि गणपतीच्या मांडवात स्टेजची एखादी फळी सैल असते ना, तसं खाली-वर झालं, तेव्हा मात्र तोंड बंद.

आमचं घर नॉर्थ कॅरोलायनाच्या पूर्वेकडच्या छोट्या गावात आहे आणि ते मॅन्युफॅक्चर्ड होम आहे. फॅक्टरीत दोन अर्धे भाग बनवतात, ट्रकमागे हायवेवरून ओढत आणतात आणि जागेवर जोडतात, त्याला म्हणायचं डबल-वाइड. खाली लोखंडी चासी, ती सिमेंटच्या ठोकळ्यांच्या थप्प्यांवर टेकलेली, भोवतीनं स्कर्टिंग लावून झाकलेलं. लोक अजून सर्रास मोबाइल होम म्हणतात, पण 15 जून 1976 पासून अशा घरांना इथल्या गृहनिर्माण खात्याचा, म्हणजे हडचा, कोड लागू झाला, त्यानंतरच्या घरांच्या बाहेरच्या भिंतीवर लाल रंगाची छोटीशी धातूची पट्टी असते. आमचं 1993चं. घेताना इन्स्पेक्शन करून घेतलं होतं, पैसेही मोजले होते, रिपोर्टमध्ये बाथरूमपुढे लिहिलेलं 'समाधानकारक'. असो.

जमिनीवर चिकटवलेलं व्हिनाइलचं, म्हणजे प्लास्टिकचं, आवरण कटरनं कापून कोपरा उचलला तर असा वास आला की बंद करून ठेवलेल्या ओल्या गोधड्या उघडल्यासारखं. खालची जमीन पार्टिकल बोर्डची. भुसा आणि गोंद दाबून केलेली ती फळी कोरडी असेपर्यंत ठणठणीत, पण पाणी लागलं की फुगते आणि मग पुन्हा काही पहिल्यासारखी होत नाही. मी स्वयंपाकघरातलं उलथनं आणून टोकलं, तर भिजत घालून विसरलेल्या पोह्यांसारखा लगदा निघाला. त्या काळातल्या बऱ्याच घरांत हेच वापरलंय, स्वस्त पडतं म्हणून.

शेजारी एक आजोबा राहतात, आयुष्यभर अशीच घरं जागेवर बसवायचं काम केलेले. ते आले आणि जमिनीकडे बघितलंसुद्धा नाही, म्हणाले आधी पाणी कुठून येतंय ते शोधा, नाहीतर नवी फळीपण सहा महिन्यांत कुजेल. घरातले सगळे नळ बंद करायला लावले आणि बाहेर पाण्याच्या मीटरवरचा बारीक लाल त्रिकोण दाखवला. फिरत होता, अगदी सावकाश, पण फिरत होता. मग स्कर्टिंगचं पॅनल काढून टॉर्च घेऊन आम्ही तिघं घराखाली सरपटत. घराच्या तळाला काळ्या ताडपत्रीसारखं कापड ताणून लावलेलं असतं, वर ग्लासवूल आणि त्यात पाण्याचे पाईप, थंडीत गोठू नयेत म्हणून. इथं त्याला बेली म्हणतात, म्हणजे पोटच, आणि आमच्या घराचं पोट गाभण म्हशीसारखं खाली आलेलं. आजोबा म्हणाले बाजूला व्हा, आणि कटरनं एक चीर दिली. दोन बादल्या भरल्या, उरलेलं सगळं नवऱ्याच्या अंगावर, कारण तो बाजूला झालाच नव्हता.

आत करड्या रंगाचा पाईप, एका जॉइंटमधून थेंब थेंब. हा पॉलिब्युटिलिन नावाच्या प्लास्टिकचा. साधारण 1978 ते 1995 या काळात अमेरिकेत घराघरांत टाकला, पाण्यातल्या क्लोरीननं तो आणि त्याचे जॉइंट आतून ठिसूळ होतात, आणि 1995मध्ये कोर्टात त्यावर 95 कोटी डॉलरची तडजोड झाली होती. भरपाई मागायची मुदत केव्हाच संपली म्हणा. इन्शुरन्सवाल्यांना फोन केला तर पाईप अचानक फुटला असेल तर देतो, हळूहळू गळत असेल तर नाही. म्हणजे दुखणं लगेच कळलं तरच पैसे. मग बाथरूमपुरता तो पाईप काढून पेक्स नावाचा दुसरा प्लास्टिकचा पाईप टाकला, लाल गरम पाण्याला, निळा थंड.

आता जमीन. कॉन्ट्रॅक्टरनं 3,800 डॉलर सांगितले. मी रात्री नऊला अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, व्हिडिओ कॉल लावला, वाईला तेव्हा सकाळचे साडेसहा, ते चहा घेत बसलेले. अण्णांनी चाळीस वर्षं सुतारकाम केलं. अमेरिकेतली घरं म्हणजे त्यांच्या लेखी पुठ्ठ्याची, हे दर फोनला ऐकवतात. मी कॅमेरा भोकात धरला. खाली दर सोळा इंचांवर आडवे लाकडी वासे, दोन बाय सहाचे, त्यावर फळी. अण्णा चष्मा वर करून म्हणाले, "अगं, हा तर कडीपाट आहे!" त्यांच्या लहानपणीच्या वाड्याचा मजला असाच होता, खाली कड्या, वर पाट, त्यावर माती आणि कोबा. त्या दिवसापासून पुठ्ठा हा शब्द बंद झाला आणि सकाळी साडेसहाला तेच वाट बघायला लागले.

पहिला प्रश्न जाडीचा. अण्णा म्हणाले मोज. मी सांगितलं पाच अष्टमांश इंच, ते म्हणाले सरळ पाच सूत म्हण ना. नवऱ्यानं दुकानातून सहा सुताची प्लाय आणलेली, जास्त जाड म्हणजे जास्त मजबूत या हिशोबानं. ती जुन्या जमिनीला लागून बसवली असती तर सूतभर उंबरठा झाला असता आणि वरचं व्हिनाइल तिथंच फाटलं असतं. परत केली.

दुसरी गोष्ट मला खरंच माहीत नव्हती. आपल्याकडे आधी भिंत उठते आणि फरशी शेवटी बसते. या घरात फॅक्टरीत आधी सगळी जमीन अंथरतात आणि भिंती तिच्यावर उभ्या करतात. म्हणजे कुजलेली फळी भिंतीखाली गेलेली असेल तर ती ओढून काढता येत नाही. नशीब, आमची भिंतीच्या अलीकडे तीन इंचांवर थांबली होती. तरी भिंतीलगत कापलेल्या कडेला खालून आधार हवाच, म्हणून दोन कड्यांच्या मध्ये लाकडी ठोकळे अडकवले. आजोबांचाही एकच नियम, कापलेली कुठलीही कडा हवेत राहता कामा नये.

कापताना गोल करवतीचं पातं बरोबर पाच सुतांवर लावलं, त्याखाली वायर, पाईप आणि हीटिंगचं डक्ट असतं. ग्लासवूल काढताना मास्क आणि फुल बाह्यांचा शर्ट घाला हो, मी हातमोज्यांवर भागवलं आणि दोन दिवस मनगटं खाजवत होते. एका कडीत स्क्रूड्रायव्हर बोटभर घुसला, तिच्या शेजारी नवी कडी बांधून बोल्ट मारले. पंखा लावून चार दिवस नुसतं वाळू दिलं. हे चार दिवस सगळ्यात अवघड, कारण दुसरं बाथरूम एकच आणि सासूबाई आलेल्या.

मग कड्यांवर गोंदाची जाड रेघ, त्यावर प्लाय, दोन फळ्यांत सूतभर फट आणि स्क्रू. खिळे नाहीत, खिळे पुढे सैल होऊन करकरतात. खालचं पोट नव्या ग्लासवूलनं भरून आजोबांनी टेपनं शिवलं, पैसे घेतले नाहीत, पुरणपोळ्या मात्र चार घेतल्या. सगळं मिळून 640 डॉलर.

व्हिनाइल लावायच्या आधी अण्णांना फोन केला. म्हणाले, फोन जमिनीवर ठेव आणि टाचेनं आपटत चाल. मी चालले. "थांब. पुन्हा मागं ये. इथं. इथला स्क्रू कडीत गेलेला नाही."

काढून बघितला. कडीच्या बाजूने हवेत लोंबत होता.