तुम्ही विचारलंत म्हणून: कोऱ्या कापडाची पिशवी मी का शिवत नाही

"ताई, एवढं शिवणकाम येतं तुम्हाला, मग कापडी पिशव्या शिवून विकत का नाही?"

संक्रांत जवळ आली की दुकानात हा प्रश्न दिवसाआड येतो. या वेळी शेजारच्या कॉलनीतल्या एका वहिनींनी तो जरा रागानंच विचारला. हळदी-कुंकवाला वाण म्हणून त्यांना १५१ पिशव्या हव्या होत्या. कोरा मांजरपाट, वर तुळशीचं चित्र आणि खाली 'प्लास्टिक टाळा' अशी ओळ. कापड त्या आणून देणार, मला पिशवीमागे १५ रुपये शिलाई. मी नको म्हणाले. "प्लास्टिकबद्दल एवढं बोलता आणि चांगल्या कामाला नाही म्हणता?" असं म्हणून त्या गेल्या. गिऱ्हाईक समोर होतं, उभ्या उभ्या मला नीट सांगता आलं नाही. वहिनी, तुम्ही विचारलंत म्हणून आता बसून लिहिते.

माझं दुकान संभाजीनगरात. फॉल-पिको, ब्लाऊज, ड्रेस, शाळेचे गणवेश, जे येईल ते. २०१८च्या फेब्रुवारीत नारेगावच्या लोकांनी शहराच्या कचऱ्याच्या गाड्या अडवल्या, तेव्हाही दुकान इथंच होतं. तीस वर्षांहून जास्त काळ आपला कचरा त्यांच्या शिवारात पडत होता. ते लोक बस म्हणाले, आणि त्यांचं बरोबर होतं. रोजचा चारशे टनांहून जास्त कचरा एकदम जिथल्या तिथं राहिला. चौकात, दुभाजकावर, शाळांच्या भिंतींना लागून. त्या वासात आपण सगळेच काही महिने जगलो.

दुकानासमोरचा ढीग मी रोज बघत होते. त्यात भाजीची देठं होती, शिळ्या पोळ्या होत्या, चहाचा चोथा होता, आणि जवळजवळ सगळं कॅरीबॅगमध्ये घालून वर गाठ मारलेलं. उघड्यावर पडलेलं मेथीचं देठ एप्रिलच्या उन्हात दोन दिवसांत वाळून जायचं. गाठीतलं मात्र सडत राहायचं, पाणी सोडायचं. वास त्याचाच होता. गायी यायच्या. गाईला गाठ सोडता येत नाही, ती पिशवीसकट खाते. प्लास्टिक पचत नाही, ते कोठीपोटात साचत जातं, चाऱ्याला जागा उरत नाही. पोट टम्म दिसत असताना जनावर उपाशी मरतं.

त्याच वर्षी २३ मार्चला राज्यात प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाली आणि २३ जूनपासून कारवाई सुरू झाली. पहिल्यांदा सापडलं तर ५,००० रुपये दंड. लोक कापडी पिशव्यांसाठी धावले. त्या पावसाळ्यात मी मांजरपाटाच्या सातशेच्या आसपास पिशव्या शिवल्या. रात्री अकरापर्यंत मशीन चालायची. मुलीच्या क्लासची फी त्यातून भरली. पैशांइतकंच समाधानही होतं, आपण काहीतरी करतोय म्हणून.

पुढच्या वर्षी दिवाळीची साफसफाई सुरू झाली आणि त्या पिशव्या मला परत दिसायला लागल्या. माझी शिलाई मला लांबून ओळखू येते, पट्ट्याच्या जोडाला मी चौकोन मारून आत फुली घालते. एका पिशवीनं कुणी गाडी पुसत होतं. दोन घंटागाडीत पडल्या होत्या, घडीसुद्धा न मोडलेल्या. एका नेहमीच्या गिऱ्हाईकाकडे माप घ्यायला गेले तर त्यांनी कपाटातून पिशव्यांनीच भरलेली एक पिशवी काढली. एकोणीस निघाल्या. लग्नातल्या, साडीच्या दुकानातल्या, वाणातल्या, चार माझ्या. त्याच दिवशी त्यांच्या ओट्यावर टोमॅटो कॅरीबॅगमध्ये होते, कारण बाजारात जाताना हातात एकही नव्हती.

त्या संध्याकाळपासून मी कोऱ्या कापडाची पिशवी शिवलेली नाही.

डेन्मार्कच्या पर्यावरण खात्यानं २०१८ सालीच एक हिशोब मांडला होता. दुकानातल्या साध्या प्लास्टिक पिशवीची बरोबरी करायला साध्या सुती पिशवीला किती फेऱ्या माराव्या लागतात, असा. नुसता हवामानावरचा परिणाम धरला तर ५२ फेऱ्या. पाणी, ओझोन, बाकी सगळं धरलं तर ७,१००. आठवड्यातून दोनदा बाजार केला तर ५२ फेऱ्यांना सहा महिने लागतात, हे कुणालाही जमेल. ७,१०० फेऱ्यांना मात्र ६८ वर्षं. याचा अर्थ प्लास्टिक बरं, असा कुणी काढू नये. रस्त्यावर फेकलेल्या पिशवीनं काय होतं, हे त्या हिशोबात धरलेलंच नाही. गाय त्यात नाही, खाम नदीच्या काठच्या बाभळींना लटकलेल्या चिंध्या त्यात नाहीत. २६ जुलै २००५ला मुंबई बुडाली तेव्हा गटारं तुंबवण्यात पिशव्यांचाही हात होता, तेही त्यात नाही. तरी तो आकडा मला पटतो, कारण कापसाची बाजू मी घरात बघितली आहे.

माझं माहेर परभणी जिल्ह्यातलं, काळ्या रानातलं, कोरडवाहू. वेचणीच्या दिवसांत आईची बोटं बोंडाच्या वाळक्या टोकांनी चिरलेली असायची, रात्री ती त्यांना कोमट खोबरेल लावायची. २०१७ला गुलाबी बोंडअळीनं भावाचं पीक खाल्लं तेव्हा उभ्या पऱ्हाटीत त्यानं जनावरं सोडली. एक क्विंटल कापूस जिनिंगला घातला तर रुई निघते साधारण ३४ किलो, बाकी सरकी. वहिनी, तुमच्या १५१ पिशव्यांचं कापड अठरा किलोच्या घरात जातं. सूतकताईतली घट धरून मागं गेलं तर साठेक किलो कापूस होतो. अर्ध्या क्विंटलहून जास्त. एका बाईची दीड-दोन दिवसांची वेचणी, आणि त्याआधी पेरणीपासूनचे पाच-सहा महिने, फवारण्या, पावसाची वाट. एवढं सगळं कपाटात घडी करून ठेवायचं असेल तर मला त्यावर मशीन चालवायची नाही.

भाऊ म्हणतो, "तायडे, कापूस खपला तर आपल्यालाच बरं की." खपू दे. अंगावर घालायला खपू दे, अंथरायला-पांघरायला खपू दे. वाणाच्या पिशव्यांनी त्याच्या कापसाचा भाव कधी वाढलेला नाही.

म्हणून मी जुन्याची शिवते. आपल्याकडे हे नवं थोडंच आहे! लुगडं विरलं की त्याची वाकळ, वाकळ फाटली की पायपुसणं, असंच चालत आलं. ज्या साडीनं पंधरा वर्षं नेसून घेतलं, तिच्या पिशवीसाठी नवं बोंड फुटावं लागत नाही.

कापड कोणतं, हेही सगळे विचारतात. कांदे-बटाट्याला जुन्या पँटचं टेरिकॉट, त्याला तोड नाही. पाच किलोला पट्टा ताणत नाही. पालेभाजीला सुती परकर किंवा ओढणी. ही पिशवी ओली करून, पिळून त्यात कोथिंबीर ठेवा. कापडातलं पाणी उडत राहतं आणि आतला गारवा टिकतो, आपल्या बेचाळीस अंशांच्या उन्हातही ती संध्याकाळपर्यंत तरतरीत राहते. कॅरीबॅगमध्ये तिला घाम येतो आणि पानं काळी पडतात. साखर, डाळ, रवा यांना ओटीत आलेली ब्लाऊज पिसं. ती एका घरातून दुसऱ्या घरात फिरत असतात, कुणी शिवत नाही. त्यांच्या नाडीच्या लहान पिशव्या उत्तम होतात. किराणावाले काका माझ्या पिशवीत थेट काट्यावरून ओततात, आधी पिशवीचं वजन करून तेवढं वजा करतात. मटण, मासळी, दही यांना कापड नकोच, कडीचा डबा न्यावा. दुधाची पिशवी मलाही टळलेली नाही. ती धुऊन, वाळवून भंगारवाल्याला देते.

आणखी एक. बाजारात कापडासारख्या दिसणाऱ्या रंगीत पिशव्या मिळतात, मऊ, बारीक ठिपक्यांच्या. लोक त्या कापडी समजून जपतात. कडेचा एक धागा ओढून बघा. कापडाला उभा आणि आडवा धागा असतो, तो सुटतो. यातून धागा निघत नाही, कारण ती विणलेलीच नाही. पॉलिप्रॉपिलीन आहे, म्हणजे प्लास्टिकच. मी एकदा इस्त्री टेकवली तर चिकटून भोक पडलं. घरात असतील त्या फाटेपर्यंत वापराव्यात, फेकू नयेत. फक्त नव्या घेऊ नयेत.

विसरण्याचं म्हणाल, तर सगळा पराभव तिथंच होतो. एक पिशवी मी चपलांच्या वरच्या खुंटीला ठेवते, एक स्कुटीच्या डिक्कीत. आणि बाजारातून आलं की भाजी निवडायला बसायच्या आधी रिकामी पिशवी परत खुंटीला. हा क्रम चुकला की ती कपाटात जाते आणि मग दिवाळीलाच सापडते. रविवारी जाफरगेटच्या बाजारात एक भाजीवाले चाचा मला बघून आता कॅरीबॅगला हातच लावत नाहीत. "आपा, थैली फैलाओ," म्हणत वांगी थेट ओततात. मागच्या महिन्यात माझ्या मागं उभ्या असलेल्या बाईंनाही त्यांनी तेच सांगितलं. बाईंकडे थैली नव्हती. त्यांनी पदरात घेतली वांगी.

तर वहिनी, तुमच्या वाणाचं. आधी यादीतल्या बायकांना विचारून घ्या, कुणाकडे वापरातली थैली आहे. तो आकडा १५१ वरून बराच खाली येईल, आणि त्या बायकांना तिळगुळाबरोबर दुसरं काहीतरी द्या. उरलेल्यांसाठी मी शिवते. साडी साडेपाच मीटरची, जुनं कापड विरळ झालेलं असतं म्हणून दुहेरी घ्यावं लागतं, तरी एका साडीत सहा पिशव्या बसतात. अगदी १५१ म्हटलं तरी २६ साड्या. तुमच्या कॉलनीत तेवढ्या एका जिन्यात निघतील. धुऊन आणा, फॉल काढलेला असला तर माझा वेळ वाचेल. काठ कापून टाकू नका, त्यांचे पट्टे करायचे आहेत. शिलाई तीच, १५ रुपये. भोगीच्या आधी हव्या असतील तर साड्या या शनिवारपर्यंत दुकानात टाका.