तुरीच्या ऐन हंगामात

म्यानमारची लेमन तूर डिसेंबर-जानेवारीत बाजारात यायला लागते. मग्वे, सगाइंग, मंडालेच्या कोरड्या पट्ट्यातून माल ट्रकने यांगूनला उतरतो, बयिन्नाउंगच्या घाऊक बाजारात सौदे होतात आणि कंटेनर न्हावा शेवाला नाहीतर चेन्नईला निघतात. वाशीतल्या एका आयातदार पेढीसाठी मी तिथे खरेदी आणि जहाजभरणी बघायचो. २०२१ सालच्या १ फेब्रुवारीला सोमवार होता. तुरीची उचल जोरात होती, उडदाचे आगाऊ सौदे सुरू झाले होते. त्याच दिवशी दिल्लीत बजेट होतं, त्यामुळे डाळींच्या आयात शुल्काचं काय होतंय याकडे वाशीत शेठचे कान लागलेले. आणि त्याच दिवशी राजधानी नेपीडोत नव्या संसदेची पहिली बैठक भरायची होती.

पहाटे उठलो तर नेट बंद. यांगूनमध्ये त्याचं फारसं नवल नव्हतं, पण मोबाइललाही रेंज नाही म्हटल्यावर मात्र चुकचुकलं. तेवढ्यात घरमालकीणबाई दारात आल्या. एरवी मोडकंतोडकं इंग्रजी बोलणाऱ्या बाई, त्या दिवशी त्यांना तेही सुचेना. "अमे सू, अमे सू" एवढंच म्हणत त्यांनी एका मनगटावर दुसरं मनगट ठेवून दाखवलं. तिथे आँग सान सू ची यांना माणसं "अमे", म्हणजे आई म्हणतात. मला कळायचं ते कळलं: त्यांना अटक झाली होती.

तरीही बाजारात जाणं भाग होतं. आदल्या आठवड्याच्या मालाचे पैसे त्या सकाळी अडत्यांना द्यायचे होते आणि कंटेनरचं डिक्लरेशन भरायचं होतं. बँकांची शटर खाली होती. एटीएमपुढे ही रांग. किराणा दुकानांतून लोक तांदळाची पोती आणि तेलाचे डबे उचलत होते. रस्त्यात लष्कराच्या समर्थकांचे ट्रक झेंडे लावून, गाणी वाजवत फिरत होते आणि फुटपाथवरची माणसं त्यांच्याकडे न बघता चालली होती.

बयिन्नाउंगला आमचं गोदाम ज्यांच्याकडे भाड्याने होतं ते म्हातारे गृहस्थ मूळचे राजस्थानी, पण जन्म यांगूनचा. बाजारात सगळे त्यांना काकाजी म्हणत. नेहमीसारखे गोदामाच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. मला पाहिल्यावर पहिलं वाक्य हे, "बेटा, पहले कॅश गिनो." १९६२ मध्ये जनरल ने विनने सत्ता घेतली तेव्हा ते शाळकरी पोर होते. नंतर वडिलांचं दुकान सरकारजमा झालं. १९६४ मध्ये पन्नास आणि शंभर क्यातच्या (क्यात म्हणजे तिथलं चलन) नोटा एका फर्मानात रद्द झाल्या. त्या काळात लाखो भारतीय वंशाची माणसं बोटीत बसून परत गेली, हे राहिले. १९८७ मध्ये पुन्हा पंचवीस, पस्तीस आणि पंचाहत्तरच्या नोटा गेल्या, पुढच्याच वर्षी देश रस्त्यावर उतरला आणि गोळ्या खाल्ल्या. १९९० मध्ये निवडणूक झाली, सू चींचा पक्ष भरघोस मतांनी जिंकला आणि लष्कराने निकाल गुंडाळून ठेवला. हे सगळं त्या माणसाने हिशेबाच्या वह्यांतून पाहिलेलं. म्हणून त्या सकाळी गल्ला मोजायचा, नोटांचे आकडे वेगवेगळे मांडायचे आणि उधारी कुणाकडे किती ते लिहून ठेवायचं, याच क्रमाने त्यांनी मला कामाला लावलं.

ऑफिसात हिशेब बघणारी मुलगी आधीच येऊन बसली होती. मोन्यवाकडची, वय पंचविशीच्या आतलं. मला ती "सया" म्हणायची. मास्तरांनाही तोच शब्द, साहेबांनाही तोच. तिच्या पिढीची गोष्ट वेगळी होती. तिच्या लहानपणी मोबाइलचं सिमकार्ड शेकडो डॉलरला मिळायचं. २०१४ मध्ये परदेशी कंपन्या आल्या आणि तेच कार्ड दीड हजार क्यातला, म्हणजे साधारण दीड डॉलरला झालं. ती कॉमर्स शिकली, यांगूनला आली, ८ नोव्हेंबर २०२० ला आयुष्यातलं पहिलं मत दिलं. शाई लागलेल्या करंगळीचा फोटो कितीतरी दिवस तिच्या फेसबुकवर होता.

लष्कराच्या म्यावड्डी वाहिनीवर निवेदन सुरू झालं, तेव्हा काकाजींच्या टीव्हीसमोर आम्ही सगळे उभे होतो. ती ऐकत होती आणि मला इंग्रजीत सांगत होती. राज्यघटनेचं कलम ४१७. एक वर्षाची आणीबाणी. सगळे अधिकार सरसेनापती मिन आँग लाइंग यांच्याकडे. खाली सही हंगामी राष्ट्राध्यक्षांची. इथे ती थांबली. "सया, पण आमचे राष्ट्राध्यक्ष तर ऊ विन म्यिंट आहेत."

या सहीपाशी मी वाचकांनाही थांबवणार आहे. म्यानमारमध्ये लष्कराने सत्ता हिसकावली हे सगळ्यांना ठाऊक आहे. ती कुठल्या दारातून हिसकावली ते फार थोड्यांच्या लक्षात आलं. २००८ ची राज्यघटना लष्करानेच लिहून घेतली होती. संसदेच्या ६६४ जागांपैकी १६६ जागा, म्हणजे चौथाई, गणवेशातल्या नेमलेल्या अधिकाऱ्यांच्या. घटना बदलायची तर पंचाहत्तर टक्क्यांहून एक तरी मत जास्त हवं, म्हणजे त्यांच्या संमतीशिवाय स्वल्पविराम हलत नाही. संरक्षण, गृह आणि सीमा ही तीन खाती सरसेनापतीने सुचवलेल्या माणसांकडेच. मुलं परदेशी नागरिक असलेल्या व्यक्तीला राष्ट्राध्यक्ष होता येणार नाही हे कलम सरळसरळ सू चींवर बेतलेलं, म्हणून २०१६ मध्ये त्यांच्यासाठी "स्टेट कौन्सिलर" हे पद कायदा करून निर्माण करावं लागलं. आणि राष्ट्राध्यक्षपदासाठी तीन नावं यायची: दोन सभागृहांची दोन, लष्करी सदस्यांचं एक. हरलेली दोघं उपराष्ट्राध्यक्ष होणार. लष्कराच्या वाट्याचे उपराष्ट्राध्यक्ष होते माजी जनरल म्यिंट स्वे. पहाटे विन म्यिंट यांना उचललं, खुर्ची "रिकामी" झाली असं ठरवलं, म्यिंट स्वे हंगामी राष्ट्राध्यक्ष झाले, त्यांनी आणीबाणीवर सही केली आणि सत्ता आपल्या जुन्या संस्थेच्या हवाली केली. वाटणी करतानाच लष्कराने घराची एक किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली होती. पुढे ऑक्टोबरमध्ये विन म्यिंट यांनी कोर्टात सांगितलं, की त्या पहाटे दोन अधिकारी आले, तब्येतीचं कारण देऊन राजीनामा द्या म्हणाले, आणि त्यांनी साफ नकार दिला.

निमित्त मतदारयाद्यांतल्या घोळाचं होतं. एक कोटी पाच लाख नोंदी संशयास्पद आहेत, असं लष्कराचं म्हणणं. निवडणूक आयोगाने ते २८ जानेवारीलाच फेटाळलं होतं. लढवलेल्या ४७६ जागांपैकी ३९६ सू चींच्या पक्षाकडे आणि ३३ लष्कराच्या पक्षाकडे, इतका तो निकाल एकतर्फी होता. शिवाय सरसेनापती जुलैमध्ये पासष्टचे होऊन निवृत्त व्हायचे होते.

आमच्या धंद्यात ही वाटणी रोज दिसायची. गोदामाचा परवाना, वॉर्डातली नोंद, जमिनीचा कागद, जे काही असेल ते सामान्य प्रशासन खात्याकडून. हे खातं वर्षानुवर्षं लष्करी गृहमंत्र्याच्या हाताखाली. डिसेंबर २०१८ मध्ये सू चींच्या सरकारने ते नागरी मंत्रालयाकडे आणलं. घटनेला हात न लावता मिळवलेली ही मोठी गोष्ट होती, आणि मला ती अर्ध्यामुर्ध्या लोकशाहीच्या त्या दहा वर्षांतली सगळ्यात हुशार खेळी वाटते. मार्च २०२० मध्ये लष्कराच्या जागा टप्प्याटप्प्याने पंधरा, दहा, पाच टक्क्यांवर आणायची दुरुस्ती मात्र संसदेत पडली. पडणारच होती. घटनेतून वाट काढणारे कायदेपंडित ऊ को नी यांना २९ जानेवारी २०१७ ला यांगूनच्या विमानतळाबाहेर गोळी घातली गेली, तेव्हा त्यांच्या कडेवर नातू होता. मारेकऱ्यामागे धावलेला टॅक्सीवालाही त्यात गेला. काकाजींच्या गोदामातले हमाल त्या टॅक्सीवाल्याबद्दल आदराने बोलत.

सू चींनी लष्कराशी तडजोड केली म्हणून हे झालं, असं नंतर पुष्कळांनी लिहिलं. मला ते अर्धंच पटतं. तडजोडीशिवाय आमच्या हिशेबनीस मुलीच्या हातात ना फोन आला असता ना मतपत्रिका. पण त्या तडजोडीची किंमत ज्यांनी मोजली ते रोहिंग्या होते. २०१७ नंतर सात लाखांहून जास्त माणसं बांगलादेशात हाकलली गेली आणि डिसेंबर २०१९ मध्ये हेगच्या न्यायालयात सू ची स्वतः देशाच्या बचावाला उभ्या राहिल्या. तेव्हा ऑफिसात मी हा विषय काढला होता, तर त्या मुलीने तोंड फिरवलं होतं. १ फेब्रुवारीला टीव्ही बंद केल्यावर ती माझ्याशी आपणहून बोलली, "सया, त्या लोकांच्या बाबतीत आम्हाला जे सांगितलं गेलं, ते सांगणारे हेच होते." पुढच्या महिन्यांत तिच्या वयाच्या कितीतरी मुलांनी रोहिंग्यांची जाहीर माफी मागितली.

दुपारी नेट थोडंफार आलं आणि शेठचे मेसेज धडाधड पडले. हरभरा, मसूर, वाटाण्यावर नवा कृषी अधिभार, तुरीला धक्का नाही. मग, "वहाँ क्या हुआ? माल निकलेगा?" मी कळवलं की अडत्यांना शब्द दिलाय, बँक उघडली की पैसे देतो, कुणीही भाव फिरवलेला नाही. ही गोष्ट मला आजही अभिमानाने सांगावीशी वाटते: त्या दिवशी त्या बाजारात तोंडी झालेला आमचा एकही सौदा मोडला नाही.

दुसऱ्या दिवसापासून रात्री आठला निषेध म्हणून घराघरांतून भांडी वाजायला लागली. सरकारी दवाखान्यांतले डॉक्टर आणि नर्सेस काम थांबवून बाहेर पडले. जानेवारीच्या २२ तारखेला भारताने भेट दिलेले कोव्हिशील्डचे १५ लाख डोस, आपल्या पुण्यात बनलेले, यांगूनला उतरले होते. ते सगळ्यात आधी ज्यांना मिळाले तीच ही माणसं. छातीवर निषेधाची लाल फीत लावून ती उभी राहिली, आणि मग रेल्वे, बँका, कस्टम्स, एकेक खातं त्यांच्यामागे आलं.

त्यात आमचे कंटेनर अडकले. फायटोवर, म्हणजे मालात कीड-रोग नसल्याच्या सरकारी दाखल्यावर, सही लागते, आणि सही करणाऱ्या बाई संपावर. त्या ऑफिसबाहेर भेटल्या. शर्टाला लाल फीत, हातात जेवणाचा डबा. आमच्या क्लिअरिंगवाल्याने गयावया केली, तशा शांतपणे म्हणाल्या, की माझं सरकारी क्वार्टर जाईल हे मला माहीत आहे, मुलं लहान आहेत, तरी या लोकांच्या नावाने मी सही करणार नाही. क्लिअरिंगवाला गप्प झाला. मी त्यांना नमस्कार केला आणि परत आलो.

जूनमध्ये आपल्या सरकारने म्यानमारकडून पाच वर्षं दरसाल अडीच लाख टन उडीद आणि एक लाख टन तूर घ्यायचं ठरवलं. समोरच्या बाजूला तेव्हा लष्कराचं सरकार होतं. माझं पोट डाळीवर आहे, अकोला-लातूरच्या गिरण्यांना माल लागतो हेही मला कळतं. तरी त्या बातमीचा मला आनंद झाला नाही.

कंटेनर अडकले तेव्हा शेठना उशिराचं कारण लेखी हवं होतं, खरेदीदारांना दाखवायला. मी लिहिलं: सरकारी कर्मचारी लष्करी राजवटीविरुद्ध संपावर आहेत, त्यांचा संप न्याय्य आहे, माल सुरक्षित आहे, दुसऱ्या कुणाकडून सही आणायचा प्रयत्न आपण करू नये. तासाभराने शेठचा फोन आला. त्यांनी गोदामाचं वाढीव भाडं किती होईल ते विचारलं आणि पत्र जसंच्या तसं पुढे पाठवलं.