आमची वाटचाल : ‘शेअर’ बटण आणि २०१८ ची दिवाळी

शुभेच्छापत्रे आणि लग्नपत्रिका तयार करून देणारे आमचे अँड्रॉइड ॲप २०१५ पासून चालू आहे. कार्यालयात तेव्हा मी, एक सहकारी आणि अर्धा दिवस हिशेब पाहायला येणारे माझे वडील, एवढीच माणसे होती. पत्रिका सजवायची आणि ‘शेअर’ दाबून व्हॉट्सॲपवर पाठवायची, हेच ग्राहकाचे काम असल्यामुळे ते बटण बंद पडणे म्हणजे छापखान्यातले यंत्र बंद पडण्यासारखेच होते.

ते बंद पडले ऑक्टोबर २०१८ च्या अखेरीस, दिवाळी आठवड्यावर आलेली असताना. १ नोव्हेंबरपासून प्ले स्टोअरवरील प्रत्येक सुधारित आवृत्तीचे लक्ष्य (ॲप अँड्रॉइडच्या कोणत्या आवृत्तीच्या नियमांसाठी बनवले आहे ते सांगणारा, ‘एपीआय’ नावाचा आकडा) किमान एपीआय २६, म्हणजे अँड्रॉइड ८, असणे गूगलने बंधनकारक केले होते. आम्ही प्रकल्पातला २३ हा आकडा २६ केला, कार्यालयातल्या दोन फोनांवर तपासणी केली आणि आवृत्ती सोडली. दुसऱ्या दिवशी सकाळी एका ग्राहक ताईंचा फोन आला, “दादा, शेअर दाबलं की ॲपच बंद होतंय.”

क्रॅशच्या नोंदीत ‘फाइल यूआरआय एक्स्पोज्ड एक्सेप्शन’, म्हणजे फाइलचा पत्ता उघड केल्याची चूक, असे नाव होते. आमचे ॲप पत्रिकेचे चित्र फोनच्या सामायिक साठ्यात ठेवून त्याचा थेट पत्ता दुसऱ्या ॲपच्या हाती देत असे. २०१६ च्या अँड्रॉइड ७ पासून, एपीआय २४ किंवा त्यापुढचे लक्ष्य असलेल्या ॲपने असा पत्ता बाहेर दिला की प्रणाली त्याला तिथेच थांबवते. आमचा आकडा २३ होता तोवर नव्या फोनांनी ही जुनी सवय चालवून घेतली होती. आणि तपासणीचे दोन्ही फोन अँड्रॉइड ५ आणि ६ चे असल्यामुळे आम्हाला काहीच दिसले नव्हते.

पत्ता बाहेर जातो का हे पाहणारी प्रणालीची तपासणीच बंद करणारी एका ओळीची युक्ती सहकाऱ्याने शोधली. मोह झाला, हे कबूल करतो. परंतु ज्या ॲपला साठ्याची परवानगी नाही, त्याला तरीही चित्र वाचता आले नसते. म्हणून आम्ही ‘फाइल प्रोव्हायडर’चा, म्हणजे ॲपमधली फाइल दुसऱ्या ॲपला सुरक्षितपणे देणाऱ्या अँड्रॉइडच्या सोयीचा, मार्ग धरला : चित्र ॲपच्या स्वतःच्या कॅशमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) ठेवायचे, ‘कंटेंट’ने सुरू होणारा पत्ता द्यायचा आणि त्यासोबत केवळ वाचण्याची तात्पुरती परवानगी द्यायची. ही परवानगी जोडायला आम्ही पहिल्या वेळी विसरलो, हेही खरे.

खरी दुपार खाल्ली ती मात्र वेगळ्याच चुकीने. तोच कोड आमच्या दुसऱ्या ॲपमध्ये उतरवताना प्रोव्हायडरचे नाव तसेच राहिले आणि पहिले ॲप असलेल्या फोनवर दुसरे बसेनाच, कारण हे नाव एका फोनवर एकाच ॲपला घेता येते. नावाला ज्या-त्या ॲपची ओळख जोडल्यावर ते सुटले. चित्र कॅशमध्ये गेल्यामुळे साठ्याची परवानगी मागण्याचेही कारण उरले नाही. ती आम्ही काढून टाकली.

सुधारित आवृत्ती लक्ष्मीपूजनापूर्वी पोहोचली. धनत्रयोदशीला आम्ही अँड्रॉइड ८ चा एक फोन घेतला. वडिलांनी तो वहीत ‘यंत्रसामग्री’ या सदराखाली लिहिला.