आंब्याची कलमं आणि लाल मुंग्यांची चटणी: माझा अनुभव

फवारणीचा पंप पाठीला लावून मी आंब्याखाली उभी होते. नळी वर केली तेवढ्यात कुंपणापलीकडून मावशी धावत आली. "फवारू नको वो बाई, आम्ही खातो ते!"

2021 चा फेब्रुवारी होता. आम्ही गडचिरोली जिल्ह्यात आलापल्लीजवळच्या एका गावात राहतो. मी भंडाऱ्याकडची, लग्न होऊन इकडे आले. मावशी माडिया आदिवासी, आमच्या घराला लागूनच तिचं घर. अंगणातला केसर आंबा सासऱ्यांनी लावलेला. त्यावर लाल मुंग्यांची घरटी होती, हिरवी पानं एकमेकांना शिवून केलेली, एकेक नारळाएवढं. मोहोर आला होता, त्याचा रस शोषणारे तुडतुडे दिसायला लागले होते. शिवाय आदल्या पावसाळ्यात कलमासाठी काड्या काढताना या मुंग्यांनी माझे हात मनगटापासून कोपरापर्यंत लाल केले होते. म्हटलं, एका फवाऱ्यात दोन्ही त्रास मिटतील.

मी पंप खाली ठेवला. मावशी म्हणाली, "मागच्या साली तुमच्याकडून फवारलं, घरटी वाळून खाली पडली. मेलेली मुंगी आम्ही उचलत नाही, म्हणून बरं." मागच्या साली यांनी फवारलं होतं हे खरंच होतं. आमच्या झाडावरून कुणी काही खायला नेतं, हे इतक्या वर्षांत आमच्या लक्षात आलं नव्हतं. त्या रात्री मला झोप लागली नाही. तिच्या घरात तेव्हा दोन वर्षांचा नातू होता.

माझी रोपवाटिका आणि हे मुंग्या खाणं, दोन्ही एकाच झाडापाशी शिकले, म्हणून दोन्हींबद्दल एकत्र लिहिते आहे.

रोपं विकायची कल्पना 2020 च्या टाळेबंदीत आली. यांचं काम बंद, घरात पैसा नाही, आणि परसात जागा भरपूर. लाल माती, कुजलेलं शेणखत आणि रेती असं मिश्रण करून पिशव्या भरल्या आणि वांगी, मिरची, टोमॅटो, झेंडूची रोपं केली. पहिली खेप सगळी गेली. रोपं चार पानांवर आली आणि एका सकाळी बुडाशी काळी पडून आडवी झाली. पाणी रोज दोनदा घालत होते आणि पिशव्यांना भोकं कमी पाडली होती, हे कारण नंतर कळलं. भोकं वाढवली, पाणी सकाळी एकदाच, तेही पिशवीतली माती बोटाने चाचपून. दुसरी खेप बाजाराच्या दिवशी दुपारपर्यंत संपली.

कलमांचं मात्र सोपं नव्हतं. कोय कलमाला, म्हणजे कोयीतून उगवलेल्या कोवळ्या रोपावर चांगल्या झाडाची काडी जोडायला, जूनमधल्या ताज्या कोयी लागतात. वाळवून ठेवलेली कोय उगवत नाही. पाण्यात टाकून जी तरंगते ती फेकायची, बुडते ती लावायची. अंकुर निघून पंधरा दिवसांचं रोप झालं, खोड अजून तांबूस आणि कोवळं आहे, तोवरच कलम बांधायचं. बोटभर उंचीवर रोपाचा शेंडा कापायचा, मधोमध उभी चीर द्यायची, काडीला दोन्ही बाजूंनी तासून पाचर करायची, चिरेत बसवायची आणि प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट गुंडाळायचं. वरून मुलं चोखतात त्या पेप्सीची लांब पिशवी टोपीसारखी घालायची, म्हणजे काडी सुकत नाही. खुंट, म्हणजे खालचं रोप, आणि काडी सारख्याच जाडीची हवी. नाहीतर निदान एका बाजूची साल तरी सालीला भिडली पाहिजे.

पहिल्या वर्षी 60 बांधली, 9 जगली. मी दुपारी काड्या तोडत होते, पानांसकट, आणि दुसऱ्या दिवशी बांधत होते. चूक काय ते एका वयस्क माळीकाकांनी सांगितलं. काडी निवडली की झाडावरच तिची पानं छाटायची, देठ तेवढे ठेवायचे. आठ-दहा दिवसांत देठ गळतात आणि डोळे फुगतात. मग सकाळी तोडायची, ओल्या फडक्यात गुंडाळायची आणि त्याच दिवशी बांधायची. दुसऱ्या वर्षी 150 पैकी 94 जगली. पंधरा-वीस दिवसांनी पिशवीच्या आतून पहिलं तांबडं पान उघडताना दिसलं, तेव्हा मी हातातलं काम टाकून सगळ्यांना बोलावून आणलं.

पण त्यासाठी झाडावर दोनदा चढावं लागतं, एकदा पानं छाटायला, एकदा काड्या तोडायला. म्हणजे मुंग्यांशी दोनदा गाठ. मावशीने चुलीतली राख हातापायांना चोळायला सांगितली आणि पहाटे गारव्यात चढ म्हणाली, तेव्हा त्या सुस्त असतात. फांदीवर बसून मी त्यांना पहिल्यांदा नीट पाहिलं. दोन पानांच्या कडा जवळ आणायला मुंग्या एकमेकींची कंबर धरून साखळी करतात आणि ओढतात. मग एक मुंगी आपल्याच पांढऱ्या अळीला जबड्यात धरून आणते. अळीच्या तोंडातून रेशीम निघतं. मुंगी तिला या पानावरून त्या पानावर नेते, परत आणते, विणकराच्या हातातल्या धोट्यासारखी. मी किती वेळ बघत बसले कोण जाणे, खालून सासूबाई हाका मारत होत्या.

त्या उन्हाळ्यात मावशीने मला चटणी करून दाखवली. झाडावर पाच घरटी होती, तिने दोन काढली. फांदी सुपावर झटकली, पानं बाजूला केली, मुंग्या आणि पांढऱ्या अळ्या-अंडी पाखडून घेतली. मडक्यात कोरड्याच थोड्या गरम केल्या, मग पाट्यावर मीठ, लाल मिरची, लसूण घालून वाटलं. वाटताना लिंबासारखा झणझणीत आंबट वास उठला. डोळ्यांत पाणी आलं. हा आंबटपणा त्यांच्या अंगातल्या फॉर्मिक आम्लाचा. तेच आम्ल चावल्यावर जखमेवर सोडतात, म्हणून आग होते.

खाताना मी घाबरले होते, हे खरं सांगते. भातावर नखाएवढी घेतली. आधी आंबट, मग तिखट, मागून अळ्यांचा किंचित लोण्यासारखा स्निग्धपणा. दुसरा घास मी न सांगता घेतला. सासूबाईंनी त्या दिवशी माझं ताट वेगळं मांडलं आणि त्यावर आमच्या घरी बरंच बोलणं झालं. पण आपल्या अंगणात वाढणारं, शेजारीण आनंदाने खाऊ घालते ते अन्न घाण कसं, हे मला कुणी पटवून देऊ शकलं नाही. एक मात्र सांगते. ज्यांना झिंगे, खेकडे सोसत नाहीत, अंगावर गांधी उठतात, त्यांनी किडे खाऊ नयेत, तसाच त्रास होऊ शकतो. माझ्या भावाला झिंगे चालत नाहीत, त्याला मी बोटभरही दिली नाही.

पुढे मी याबद्दल वाचत गेले. आमच्या पलीकडच्या बस्तरमध्ये या चटणीला चापडा म्हणतात आणि आठवडी बाजारात पानाच्या दोन्यांतून मुंग्या विकल्या जातात. ओडिशातल्या मयूरभंजच्या काई चटणीला जानेवारी 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तीही याच मुंग्यांची. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या 2013 च्या अहवालात जगभरात खाल्ल्या जाणाऱ्या किड्यांच्या 1,900 हून अधिक जातींची नोंद आहे. ते वाचून मी मावशीला सांगितलं. तिला त्याचं फार काही वाटलं नाही. तिने विचारलं, "फवारून खातात का तिकडे?"

तिचा तो प्रश्न माझ्या रोपवाटिकेचा नियम झाला. झाडावर औषध मारायचं नाही म्हणजे नाही. तुडतुड्यांसाठी आम्ही झाडाची आतली दाटी छाटली, ऊन आणि वारा आत जाऊ दिला. मुंग्याही बरेच किडे मारतात. चीनमध्ये संत्र्याच्या बागांत याच मुंग्या शेकडो वर्षं राखणदार म्हणून सोडल्या जात. मोहोर थोडा गेला, पण आंबे घरापुरते नक्की लागले, आणि काड्यांना काही धोका नव्हता.

खरी अडचण उलट्या बाजूने आली. 2022 मध्ये जास्वंदीच्या आणि कढीपत्त्याच्या रोपांवर पिठ्या ढेकूण पडला. पांढरा कापूस चिकटल्यासारखा. बघते तर लाल मुंग्यांची रांग आंब्यावरून रोपांवर सावलीला लावलेल्या हिरव्या जाळीवर, जाळीवरून रोपांवर. ढेकूण गोड चिकटा सोडतो, मुंग्या तो पितात आणि त्याबदल्यात त्याला वाचवतात. झाडावर राखणदार असलेल्या मुंग्या रोपांत माझ्या विरुद्ध उभ्या होत्या.

मारायच्या नाहीत, पण इकडे येऊही द्यायच्या नाहीत, एवढंच करायचं होतं. जाळीला टेकणाऱ्या आंब्याच्या फांद्या छाटल्या. रोपांसाठी बांबूचे मांडव केले आणि प्रत्येक पाय पाण्याने भरलेल्या वाटीत ठेवला, पूर्वी दुधातुपाच्या कपाटाचे पाय ठेवायचे तसा. ढेकूण जुन्या दातघासणीने आणि साबणाच्या पाण्याने पुसून काढला. नंतर 5 टक्के निंबोळी अर्क, म्हणजे 100 लिटरला 5 किलो निंबोळी, मी आपला 2 लिटरला 100 ग्रॅम करून घेते. रात्रभर भिजवायचा, फडक्याने गाळायचा, संध्याकाळी फक्त रोपांवर मारायचा. तीन आठवड्यांत आटोक्यात आलं. वाट्यांतलं पाणी दर चार दिवसांनी बदलते, नाहीतर डास होतात.

परवान्याचं थोडक्यात सांगते. फळझाडांची कलमं विकायची तर महाराष्ट्रात 1969 च्या फळरोपवाटिका कायद्याप्रमाणे परवाना लागतो. तो मिळेपर्यंत मी कलमं घरी वाढवली, नात्यात वाटली, पण विकली नाहीत. अर्ज दोनदा परत आला. एकदा जागेचा नकाशा नाही म्हणून, एकदा मातृवृक्ष, म्हणजे ज्याच्या काड्या घेतो ते झाड, खात्रीचा आहे याचा पुरावा नाही म्हणून. दुसऱ्या वेळी मी रडले. झाड केसर आहे हे चव सांगते, पण कागद कुठून आणू? सासूबाईंनी सासऱ्यांची पत्र्याची पेटी उघडली. चोपडीत घडी घातलेली, कडा कुरतडलेली पावती निघाली, कृषी विद्यापीठाच्या रोपवाटिकेची, केसर आंबा, 2 नग. दुसरं रोप जगलं नव्हतं. सासऱ्यांनी ती अठरा वर्षं जपली होती. पाहणीला आलेल्या साहेबांनी पावती वाचली, झाडाभोवती फिरले, घरटी पाहून एक पाऊल मागे सरले आणि नोंद करून गेले.

आता कलम 80 रुपयांना देते. पिशवीला जात आणि बांधल्याची तारीख लिहिलेली पट्टी लावते. कोवळ्या कलमाला खुंटावरून फूट आली तर ती खुडायची, हे प्रत्येकाला सांगते, नाहीतर चार वर्षांनी केसरऐवजी गावरान आंबा लागतो आणि दोष रोपवाटिकेला येतो. पावसाळ्याचे चार महिने हातात बरे पैसे येतात, उन्हाळ्यात जेमतेम. मागच्या वर्षी 210 कलमं गेली.

यंदा मेमध्ये झाडावर सात घरटी होती. मावशीने तीन काढली, नातवाने सूप धरलं होतं. जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही चारशे कोयी पाण्यात टाकल्या, तरंगल्या त्या बाजूला काढल्या. बाकीच्या पिशव्यांत लावताना सासूबाई मोजत बसल्या होत्या.