नाव नीट विचारून घेणारी माणसे

आज एका प्रशिक्षणवर्गाच्या समारोपात माझे नाव ‘मृनमई’ असे पुकारले गेले, आणि प्रमाणपत्रावर रोमन लिपीत त्याचे आणखीच वेगळे रूप छापलेले होते. माझे नाव मृण्मयी. मराठीत ऋकाराचा उच्चार ‘रु’कडे झुकतो, हिंदीत ‘रि’कडे, त्यामुळे स्पेलिंग करताना कोणी ‘यू’ लिहितो, कोणी ‘आय’, आणि ‘ण’ व ‘न’ यांतला भेद तर तिथे उरतच नाही. तो दाखवण्याची सोय नाही असे नव्हे. भारतीय लिप्या रोमन अक्षरांत कशा लिहाव्यात हे ठरवणाऱ्या २००१ च्या आयएसओ १५९१९ या आंतरराष्ट्रीय मानकात ‘ण’साठी खाली टिंब दिलेला ‘एन’ आहे. मात्र पासपोर्टच्या यंत्राने वाचायच्या ओळींत ए ते झेड ही साधीच अक्षरे चालतात, टिंबाला तिथे जागा नाही.

चुकीच्या उच्चाराचा मला राग येत नाही. ज्याच्या भाषेत तो ध्वनीच नाही, तो अडखळला तर त्यात अपमान कसला? मनाला लागते ते “अवघड आहे हो, आम्ही मिनू म्हणू” असे परस्पर ठरवून टाकणे. आज मात्र तिथल्या बाईंनी नाव अक्षर-अक्षर विचारून वहीत देवनागरीत लिहिले, ‘ण’ला ‘म’ जोडताना पेन थांबवून “असाच ना?” अशी खात्री करून घेतली आणि नवी प्रत छापायला दिली. दोन कागदांवर दोन स्पेलिंगे झाली की दोन्ही नावांची व्यक्ती मीच आहे हे सिद्ध करणे माझ्याच माथी येते, म्हणून ती प्रत हातात पडेपर्यंत मी तिथून हलले नाही.