घमेल्यातले निखारे आणि घरकुलाची बंद खोली

मी गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यात एका उपकेंद्रावर सीएचओ आहे, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी, शिक्षण बीएएमएस. आमच्याकडे तलावच तलाव. कोहळी लोकांनी जुन्या काळी बांधलेले, पुढे मालगुजारांच्या ताब्यात गेले म्हणून माजी मालगुजारी, मामा तलाव. सगळ्यात नावाजलेला नवेगावबांधचा. बाहेरच्यांना विदर्भ म्हटलं की मे महिन्याचं ऊन आठवतं, पण डिसेंबर-जानेवारीत उत्तरेचा वारा सुटला की इथे पारा सात-आठ अंशांवर येतो आणि तलावाच्या काठावरच्या टोल्यांवर, म्हणजे वस्त्यांवर, तर ती थंडी ओली असते, पहाटे धुकं एवढं की समोरून येणाऱ्या सायकलवाल्याची आधी घंटी ऐकू येते, मग तो दिसतो.

गेल्या डिसेंबरच्या शेवटी एका पहाटे आशाताईचा फोन आला, साडेपाच वाजले असतील. "मॅडम, लवकर या जी, धिवर टोलीवर एका घरचे सगळेच पडून रायले, उलट्या करून रायले, पोरगी तर बोलतच नाई." पोरगी कोण ते नाव ऐकलं आणि मी स्वेटर उलटा घातला का सुलटा हे न बघता गाडी काढली, कारण ती माझ्या सिकलसेलच्या यादीतली होती, आठवीत शिकणारी, एसएस पॅटर्न, म्हणजे आई-बाप दोघांकडूनही आजार आलेली, हिमोग्लोबिन सात-साडेसातच्या वर कधी गेलंच नाही. आमच्या पट्ट्यात सिकलसेल खूप आहे आणि हिवाळा म्हणजे या मुलांचा वैरी, थंडीने रक्तवाहिन्या आखडतात, त्यात तहान लागत नाही म्हणून पाणी कमी पितात, मग त्या कोयत्यासारख्या पेशी अडकतात आणि हाडं फुटल्यासारखं दुखतं. त्यामुळे जाताना माझ्या डोक्यात क्रायसिस, म्हणजे हा वेदनेचा झटकाच होता, वेदनेने निपचित पडली असेल, असं वाटत होतं.

पण सगळं घर उलट्या करतंय हे त्यात बसत नव्हतं.

पोचले तेव्हा अंगणात अर्धी टोली जमलेली. आई उंबऱ्यावर बसलेली, डोकं दोन्ही हातांत धरलेलं, आजी भिंतीला टेकून "डोस्कं फुटते, डोस्कं फुटते" एवढंच म्हणत होती, लहान भाऊ ओकत होता आणि मुलगी अजून आतच, खाटेवर. बाप रात्री मच्छीमार संस्थेच्या तलावावर राखणीला होता, पहाटे जाळं काढून घरी आला, दार वाजवलं तर कोणी उठेना, शेवटी बायको कशीबशी सरपटत आली, कडी काढली आणि तिथेच पडली. म्हणजे जो रात्रभर उघड्यावर थंडीत होता तो धडधाकट आणि जे घरात दार लावून झोपले त्यांची ही गत. जमलेल्यांचं म्हणणं रात्रीची मासोळी बाधली. एक बाई म्हणाली बाहेरचं काही लागलं असेल. कोणी पोरीच्या नाकाला कांदा लावायला निघालं होतं.

मी आत पाय टाकला तर आत ऊब होती. चांगली ऊब, बाहेरून आल्यावर बरी वाटावी अशी. धूर नाही, वास नाही. खाटेच्या पायथ्याशी लोखंडी घमेलं, त्यात राख, राखेखाली निखारे अजून लाल. आणि घमेल्याशेजारी शेळीचं पिल्लू, थंडी लागू नये म्हणून रात्री आत घेतलेलं, मेलेलं.

ते पिल्लू बघितलं आणि सगळं कळलं. पिल्लाने मासोळी खाल्ली नव्हती, ही बंद खोलीतल्या निखाऱ्यांच्या वायूची बाधा होती.

मी ओरडलेच, आधी सगळ्यांना बाहेर काढा, खिडकी उघडा, घमेलं बाहेर न्या. खिडकीला पोत्याचं प्लास्टिक खिळ्यांनी ठोकलेलं, वारा येऊ नये म्हणून, ते बापाने ओढून फाडलं. एकाने घमेल्यात तिथेच पाणी ओतायला घेतलं, त्याला थांबवलं, उचलून बाहेर नेऊनच विझव म्हटलं. पोरीला आम्ही तिघांनी उचलून छपरीत आणलं तर आजूबाजूच्या बायका माझ्यावरच चिडल्या, एवढ्या थंडीत सिकलसेलच्या पोरीला बाहेर काय काढता मॅडम, तुम्हीच तर सांगता तिला थंडी लागू देऊ नका. बरोबर होतं त्यांचं, मलाही तीच भीती होती, पण तिला आधी हवा पाहिजे होती. घरातल्या, शेजारच्या मिळतील त्या वाकळा, चादरी, एकाचं ब्लँकेट असं सगळं तिच्यावर घातलं, कान बांधले, कुशीवर वळवून ठेवलं म्हणजे उलटी झाली तर श्वासात जाणार नाही, आणि चहा-हळददूध काही तोंडात घालायचं नाही हे तीनदा सांगितलं.

आशाताईने तोवर बोटाला ऑक्सिमीटर लावला. "मॅडम, ९९ आहे! चांगलं आहे ना." चेहऱ्यावर एवढा आनंद तिच्या.

हे मला सगळ्यांना सांगायचंय, विशेषतः कोविडमध्ये ज्यांनी घरी ऑक्सिमीटर घेऊन ठेवले त्यांना. निखाऱ्यांच्या या वायूच्या, म्हणजे कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेत हे यंत्र खोटं बोलतं. हिमोग्लोबिनला ऑक्सिजन चिकटला आहे की हा वायू, साध्या ऑक्सिमीटरच्या उजेडाला फरक कळत नाही, दोन्ही त्याला सारखेच लाल दिसतात. आणि हा वायू हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट जास्त घट्ट चिकटतो. एसटीच्या सगळ्या सीटांवर कोणीतरी बसून घ्यावं आणि स्टँड आले तरी उठू नये, तसं. गाडी भरलेली दिसते पण ज्याला न्यायचं तो फलाटावरच. त्यात या पोरीचं हिमोग्लोबिनच कमी, म्हणजे सीटाच मुळात निम्म्या. म्हणून तिच्यापेक्षा म्हाताऱ्या आजीला कमी लागलं आणि ती मात्र हाक मारली तर डोळे अर्धे उघडायची, परत मिटायची.

उपाय एकच, भरपूर ऑक्सिजन, तोही नाकातल्या नळीने नाही, पिशवीवाल्या मास्कने. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला तर साधारण दीड तासात होतो. आमच्या उपकेंद्रात सिलिंडर नाही. १०८ ला फोन केला, चार पेशंट, एक बेशुद्धीच्या जवळ, शेगडीचा वायू, मास्क आणि भरलेला सिलिंडर घेऊनच या असं स्पष्ट सांगितलं. धुक्यामुळे गाडी चाळीस मिनिटांनी आली. ती चाळीस मिनिटं मी पोरीच्या छातीकडे बघत बसले, श्वास मोजत, आणि मधेमधे आजीला, आईला बोलतं ठेवत. भाऊ मोकळ्या हवेत हळूहळू सावरला, त्याने पाणी मागितलं तेव्हा बापाच्या डोळ्यात पाणी आलं.

गाडीतल्या डॉक्टरने ९९ बघून माझ्याकडे बघितलं. मी त्याला मेलेलं पिल्लू दाखवलं. पुढे काही बोलावं लागलं नाही, त्याने लगेच मास्क लावला, फुल फ्लो.

ग्रामीण रुग्णालयात तासाभराने पोरीने डोळे नीट उघडले आणि आईला विचारलं की शाळेला उशीर झाला का. तिथून तिला साठ-पासष्ट किलोमीटरवर गोंदियाला मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात पाठवलं आणि बरं झालं पाठवलं, कारण संध्याकाळी मांड्या आणि कंबर दुखायला लागली, क्रायसिस आलाच, सलाइन, वेदनेची औषधं, काही दिवस तिथेच. पण घरी आली. पुढे महिनाभर मी तिला आठवड्यातून एकदा बघत होते, कारण या विषबाधेत माणूस बरा होतो आणि दोन-चार आठवड्यांनी विसराळू होतो, चिडतो, चालताना तोल जातो, असं होऊ शकतं. मी तिला तेराचा पाढा विचारायचे. ती कंटाळून म्हणायची, मॅडम आता चौदाचा विचारा ना.

आजीशी मात्र माझं बरंच चाललं. निखाऱ्यांना ती इस्तो म्हणते. आजीचं म्हणणं, "जलमभर इस्तो घेऊन झोपलो जी आमी, माह्यी सासू झोपली, तिची सासू झोपली, आमाले तं काईच नाई झालं." आणि आजी खोटं बोलत नव्हती. मी त्या रात्रीच्या आधी यावर एवढा विचार केला नव्हता पण नंतर टोलीत घरोघर फिरताना वर बघत गेले आणि लक्षात आलं. आजीचं जुनं घर मातीचं, वर कवेलू, म्हणजे कौलं. कवेलूच्या फटीफटीतून हवा जाते, भिंत आणि छपराच्या मधे हात जाईल एवढी जागा, ते घर रात्रभर श्वास घेतं. दोन वर्षांपूर्वी घरकुल मंजूर झालं, पंचवीस चौरस मीटरचं, वर स्लॅब, लोखंडी दार, एक खिडकी, आणि थंडी येते म्हणून त्या खिडकीलाही प्लास्टिक. घरकुल चांगलंच आहे, पावसाळ्यात गळत नाही, साप येत नाही, लोकांनी किती वर्षं वाट बघितली त्याची. पण जुन्या घरातली सवय नव्या घरात तशीच आली. दुसरं म्हणजे धूर. लाकूड धुमसत असेल तर डोळे चुरचुरतात, माणूस उठून दार उघडतो. घरचे लोक शहाणपणाने अंगणात लाकूड पूर्ण जाळून, धूर संपल्यावर, फक्त लालबुंद निखारे आत आणतात आणि समजतात आता धोका गेला. हा वायू त्या निखाऱ्यांतूनच निघतो, त्याला रंग नाही, वास नाही, आणि पहिलं लक्षण डोकं दुखणं आणि झोप येणं. रात्री झोप आली तर कोण संशय घेईल?

आता आशाताई आणि मी थंडी सुरू झाली की संध्याकाळी फिरतो, जेवणाच्या वेळेला, कारण तेव्हाच निखारे भरले जातात. निखारे वापरू नका असं सांगून कोणी ऐकत नाही आणि सात अंशात ते सांगणंही बरं नाही. म्हणून सांगतो, छपरीत शेका, आत आणायचंच तर दार उघडं ठेवून आणा आणि झोपायच्या आधी घमेलं बाहेर. अंथरुणाखाली तणस घाला, ती तर घरोघरी आहे, धानाची मळणी झालेलीच असते. वीट तापवून फडक्यात गुंडाळून पायाशी ठेवा. खोलीतल्या सगळ्यांचं एकदम डोकं दुखलं तर गोळी शोधू नका, दार उघडा. शिंगाडे काढायला छातीभर पाण्यात उतरणाऱ्यांना सांगतो की वर आल्यावर आधी ओले कपडे काढा आणि मोहाची घेऊ नका, ती घेतल्यावर अंग गरम वाटतं पण आतली उष्णता कातडीवाटे निघून जाते. धुक्यात एकट्याने डोंगा काढू नका हेही सांगतो, ते कमी ऐकतात, पोटाचा प्रश्न आहे. मंडईच्या, म्हणजे आमच्याकडच्या जत्रांच्या दिवसांत रात्रभर नाटक बघून पहाटे मोटारसायकलवर तिघं-तिघं येणाऱ्या पोरांचं तर काय करावं कळत नाही.

गावातल्या घरकुलाच्या मिस्त्रीला मात्र मी पकडलं. त्याला म्हटलं स्लॅबच्या खाली, समोरासमोरच्या भिंतीत, दोन-दोन विटांची जागा सोड आणि तिथे जाळी लाव. तो म्हणाला थंडी येईल म्हणून लोकच बुजवतात. मग त्याला त्या घरी घेऊन गेले, बापानेच सांगितलं त्याला काय झालं ते. त्यानंतर त्याने बांधलेल्या घरांना जाळ्या आहेत. आजीच्या घराला त्याने नंतर भोक पाडून दिलं, मजुरी घेतली नाही. आजी अजूनही कुरकुरते की वारा येते, पण तिचं घमेलं नऊच्या आत छपरीत जातं, कारण नात स्वतः उचलून नेते. शेजारच्या टोलीवर यंदा नवीन घरकुलं झालीत, त्यांतल्या बऱ्याच खिडक्यांना प्लास्टिक लागलंय असं आशाताई काल म्हणाली, तिकडे उद्या संध्याकाळी जायचंय.