घड्याळातला समोरचा आकडा : टांझानियातले माझे पहिले दिवस

आमच्या वसईच्या घरात संत गोन्सालो गार्सियांची तसबीर आहे. लहानपणापासून मी त्यांना एकाच गोष्टीसाठी ओळखत होते : वसईत जन्मलेला हा मुलगा जपानला गेला आणि 1597 साली नागासाकीत क्रुसावर शहीद झाला. पण त्यांना जपानी इतकं चांगलं येत होतं की इतर मिशनरी त्यांना दुभाषी म्हणून सोबत नेत, याकडे माझं कधी लक्षच गेलं नव्हतं. ते गेलं टांझानियातल्या म्वांझाला आल्यावर, जेव्हा मला साधं 'मीठ द्या' म्हणता येईना.

शेवटची व्रतं घेतल्यानंतर वर्षभरात मला टांझानियाला पाठवायचं ठरलं. मी नर्सिंग शिकले आहे आणि व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी आमच्या सिस्टरांचा एक छोटा दवाखाना आहे. तयारीचं फार सांगत नाही. पीतज्वराची लस घेऊन पिवळं कार्ड मिळवलं, पोलिसांचा दाखला काढला, निवास परवान्यासाठी कागद पाठवले. मिशनरींना तिथे सी वर्गाचा परवाना लागतो. कुणी जाणार असाल तर शिक्षणाच्या प्रमाणपत्रांच्या साक्षांकित प्रती जास्तीच्या ठेवा, एवढंच सांगेन. आईने पिशवीत सुकट बांधून दिली होती. ती मी जड मनाने काढून ठेवली.

मुंबईहून दार-एस-सलाम, तिथून दुसऱ्या विमानाने म्वांझा. उतरताना खाली पाणी दिसलं आणि पाण्यातून वर आलेले, एकावर एक रचून ठेवल्यासारखे प्रचंड गोल दगड. मिशन शहरापासून लांब होतं. गाडी काठाकाठाने जाऊ लागली तेव्हा वाळूवर काहीतरी चंदेरी पसरलेलं दिसलं आणि वास आला. सुक्या मासळीचा! बोटाएवढी मासळी, दगा म्हणतात तिला. कोळी रात्री दिवे लावून ती पकडतात, सकाळी बायका वाळत घालतात. वसईचा किनारा, बोंबलांच्या वलांडी, आई, सगळं एकदम आठवलं आणि मी खिडकीकडे तोंड करून रडले. शेजारच्या वयस्क सिस्टर काही बोलल्या नाहीत. फक्त काच पूर्ण खाली केली.

पहिला आठवडा इथल्या स्वाहिली भाषेतल्या ओळखीच्या शब्दांच्या आनंदात गेला. दुकानाला दुका, पैशाला पेसा, वाहनाला गारी, विम्याला बिमा, गोणीला गुनिया. कांदा-टोमॅटोची कोशिंबीर म्हणजे काचुंबारी. मच्छरदाणीला चांदारुआ म्हणतात हे ऐकून मला घरच्या चांदव्याची आठवण झाली. शतकानुशतकं समुद्रावरून गलबतं ये-जा करत होती, त्यांच्यातून माल आला तसे शब्दही आले. नात्यांच्या शब्दांनी मात्र गोंधळ उडवला. इथे दादा म्हणजे बहीण, काका म्हणजे भाऊ आणि मामा म्हणजे आई! बाबा तेवढे बाबाच. पहिल्या रविवारी तीन तासांच्या मिस्सेत मला काहीच कळत नव्हतं. लोक नाचत अर्पण घेऊन वेदीकडे जात होते, कुणाच्या हातात मका, कुणाच्या हातात जिवंत कोंबडी. मग सगळ्यांनी 'बाबा येतू' म्हणायला सुरुवात केली. आमच्या पित्या. तेवढी एक प्रार्थना मी मराठीत, पण त्यांच्याबरोबर म्हटली.

दुसऱ्या आठवड्यात व्याकरण सुरू झालं आणि आनंद ओसरला. मराठीत शब्दाचं शेपूट बदलतं, स्वाहिलीत डोकं बदलतं. म्तू म्हणजे माणूस, वातू माणसं. किती म्हणजे खुर्ची, विती खुर्च्या. आणि नामाचं डोकं बदललं की विशेषणाचंही बदलायचं : किती किझुरी, चांगली खुर्ची; विती विझुरी, चांगल्या खुर्च्या. नामांचे असे कितीतरी गट आहेत. मी रोज शंभर वाक्यं लिहून काढायचे आणि दवाखान्यात एखादी आई तापलेलं मूल घेऊन समोर आली की त्यातलं एकही आठवायचं नाही. शिकलेली नर्स असून मी नुसती हसत उभी असायचे. मुंबईत रुग्ण माझ्या बोलण्याने शांत व्हायचे. इथे मी कुणालाच धीर देऊ शकत नव्हते. रात्री चांदारुआत पडल्या पडल्या वाटायचं, आपल्याला उगीच पाठवलं.

त्यातच ती गोष्ट घडली.

मिशनच्या मागे एक बीबी राहत. बीबी म्हणजे आजी. सत्तरीच्या पुढच्या, एकट्या, डोळ्यांना धूसर दिसायचं. त्यांना भेटलं की आम्ही 'शिकामो' म्हणायचो. वडीलधाऱ्यांना धाकट्याने करायचा हा नमस्कार. त्याचा मूळ अर्थ 'मी तुमचे पाय धरते' असा आहे. पाया पडणंच ते. मोठ्यांनी उत्तर द्यायचं, 'मारहाबा'. आमच्या दवाखान्यात डोळ्यांचे डॉक्टर महिन्यातून एकदाच येतात. बीबींना त्यांच्याकडे नेण्याचं काम मी हौसेने मागून घेतलं. बीबी म्हणाल्या, केशो, सा म्बिली. उद्या, दोन वाजता. माझ्या वहीत हे दोन्ही शब्द होते. मला पूर्ण वाक्य समजलं याचा किती आनंद झाला!

दुसऱ्या दिवशी बरोबर दुपारी दोन वाजता मी त्यांच्या दारात गेले. बीबी ओट्यावर बसल्या होत्या. नीट धुतलेली कांगा, म्हणजे गुंडाळायचं सुती कापड, अंगावर, चपला पायात, मांडीवर दवाखान्याचं कार्ड. त्या सकाळी आठपासून बसल्या होत्या. डॉक्टर बारालाच परत गेले होते.

स्वाहिलीत दिवस मध्यरात्री सुरू होत नाही, सूर्याबरोबर सुरू होतो. विषुववृत्ताजवळ सूर्य वर्षभर जवळपास एकाच वेळी उगवतो, म्हणून सकाळी सातला पहिला तास, सा मोजा. आठला दुसरा, सा म्बिली. घड्याळात काटा जिथे असेल त्याच्या बरोबर समोरचा आकडा बोलायचा. हे मला आधी कुणीतरी सांगायला हवं होतं, असं मी त्या दिवशी दहादा म्हटलं. खरं तर मीही विचारलं नव्हतं.

मला 'क्षमा करा' म्हणायचं होतं आणि शब्द सापडत नव्हता. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. बीबींनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, पोले. पोले साना. चूक माझी, आणि पोले त्या म्हणत होत्या! पोले म्हणजे 'मला माफ करा' नव्हे, हे मला संध्याकाळी स्वाहिली शिकवणाऱ्या शिक्षिकेने समजावलं. समोरच्याला त्रास होतोय, तो मला दिसतोय, एवढं सांगणारा शब्द आहे तो. कुणी ठेचकाळलं तरी म्हणतात, कुणाच्या घरी माणूस गेलं तरी म्हणतात, उन्हात काम करणाऱ्याला जाता जाताही म्हणतात. मराठीत त्याला एक शब्द मला अजून सापडलेला नाही.

दुसऱ्या दिवसापासून तो एक शब्द घेऊन मी दवाखान्यात उभी राहिले. तापलेल्या मुलाच्या आईला पोले. मलेरियाच्या तपासणीसाठी बोट टोचलेल्या म्हाताऱ्याला पोले. माणसं मान वर करून बघायची आणि बोलू लागायची. मला अर्धंही कळायचं नाही, पण ती बोलायची.

शिक्षिकेला सांगून मी रोज संध्याकाळी अर्धा तास बीबींकडे बसायला सुरुवात केली. दारात 'होदी' म्हणायचं, आतून 'कारिबू' आलं की आत जायचं. बीबींची स्वतःची भाषा सुकुमा. या देशात शंभराहून जास्त भाषा आहेत आणि पहिले राष्ट्राध्यक्ष न्येरेरे यांच्या काळात स्वाहिली सगळ्यांची झाली. म्हणजे त्याही ती शिकलेल्याच. कदाचित म्हणूनच त्या सावकाश बोलत आणि मी अडले की वाट बघत. मला त्यांनी कधीच मधला शब्द पुरवला नाही.

पुढच्या महिन्यात डॉक्टर यायच्या दिवशी मी पावणेआठलाच पोचले. बीबी त्याच कांगेत तयार होत्या. मी शिकामो म्हटलं, त्यांनी मारहाबा म्हणून डोक्यावर हात ठेवला आणि माझं कोपर धरून चालू लागल्या. रस्त्यात दिसेल त्याचं नाव मी घेत होते. एन्जिया, रस्ता. एम्बे, आंबा. जिवे, दगड. वळणावर एकटंच मोठं झाड होतं. मी म्हटलं, मिती.

बीबी थांबल्या. डोळे बारीक करून झाडाच्या दिशेने पाहिलं आणि एक बोट वर केलं.

"म्ती," त्या म्हणाल्या. "म्मोजा तू." एकच आहे.